सहा वर्षांची दत्तक लेक उशीखाली पोळ्या लपवते, कुणाकडे न्यावं?

गोदाकाठची: लेक गेल्या दिवाळीत घरी आली, त्याआधी संस्थेत वाढलेली. ताटातलं दोन घास खाते आणि रात्री अंथरूण झटकताना अभ्र्यातून पोळीचे तुकडे, बिस्किटं पडतात. परवा मुंग्यांची रांग लागली म्हणून शेंगदाण्याचा लाडू सापडला. घरी आलेल्या कुठल्याही बाईच्या मांडीवर बसते, दूधवाल्याचं बोट धरून निघते. पण खरचटलं, रक्त आलं तरी माझ्याकडे येत नाही. मधेच मला 'मावशी' म्हणते. सासूबाई म्हणतात, वळण लावा. एका समुपदेशकांनी स्टार चार्ट (चांगलं वागली की चांदणी चिकटवायची) दिला आणि ऐकलं नाही तर खोलीत एकटं बसवा म्हणाले. बसवलं, तर ती रडतही नाही, भिंतीकडे तोंड करून बसून राहते. नाशकात किंवा ऑनलाइन, मराठीत बोलणारं कुणी कसं शोधायचं? आणि मी पार थकलेय. कुणापाशी बोलावं तर 'हौसेनं आणलीत ना?'

कोथरूडचा_बाबा: ताई, एकटं बसवणं आजपासून बंद. एकटं राहणं या मुलांना आधीच नको तितकं जमतं. आमचा मुलगा पाचव्या वर्षी आला. तो आमच्या चपला लपवायचा, आम्ही बाहेर जाऊ नये म्हणून!

खाण्यावरून एक शब्द बोलू नका. तिच्या हाताला येईल असा तिच्या नावाचा डबा ठेवा. चुरमुरे, खजूर, राजगिऱ्याचे लाडू, काहीही. तो रिकामा होऊ द्यायचा नाही आणि भरायचा तिच्यासमोर. 'आता जेवायची वेळ झाली, ठेव ते' हे आजीसकट सगळ्यांना बंद. लपवणं लगेच थांबणार नाही, मुंग्यांची पावडर आणून ठेवा.

थेरपिस्टकडे आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं नव्हतं. मी आणि तो एकत्र: एकमेकांच्या हाताला तेल लावणं, हातावर हात रचणं, एकमेकांना भरवणं. याचे पैसे घेतात, असं मनात आलं होतं. पण पुढे गुडघा फुटल्यावर तो रडत माझ्याकडे आला, तेव्हा बायको आणि मी दोघंही रडलो. फोनवरच विचारा: संस्थेतून आलेल्या मुलांबरोबर काम केलंय का? पालकांना सेशनमध्ये घेता का? दुसऱ्या प्रश्नाला 'नाही' आलं तर पुढचा नंबर लावा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी बघून घ्या.

निवृत्त_कार्यकर्ती: दत्तक मुलांच्या कामात माझं आयुष्य गेलं. होम स्टडी, म्हणजे दत्तक देण्याआधी घराची पाहणी करणारी संस्था दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याला येते. पालक घर आवरून, मुलीला नवा फ्रॉक घालून 'सगळं छान' सांगतात. मूल परत नेतील अशी धास्ती असते. बाई गं, उशीतल्या पोळ्या त्यांनाच सांगायच्या असतात! २०२२ च्या दत्तक नियमावलीत आहे, मुलाला जुळवून घ्यायला अडचण येत असेल तर संस्थेनं किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षानं समुपदेशनाची सोय करायची, नाहीतर जिथं ती आहे तिथं जोडून द्यायचं. लेखी अर्ज करून पोच घे.

कारा, म्हणजे केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणामार्फत मिळालेला चाइल्ड स्टडी रिपोर्ट (मुलीच्या माहितीचा अहवाल) पुन्हा वाच. ती संस्थेत कोणत्या वयात आली, आधी कुठं होती, हे थेरपिस्टला लागेल. तिथं तिला सांभाळणारी मावशी कोण, तेही विचार. फोटो मिळाला तर तिच्या हाती दे. तुझ्या थकव्यासाठी टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६. फुकट आहे, मराठीत बोलतात.

पिंपळपान: मी स्वतः दत्तक आहे, आता नोकरी करते. 'मावशी' म्हणाली तर दुरुस्त करू नका. तिला आजवर जवळ घेणाऱ्या बाईला हाक मारायला तेवढा एकच शब्द होता. आणि जूनमध्ये वर्गशिक्षिकेला आधीच भेटा. 'तान्हेपणीचा फोटो आणा' हा प्रकल्प कधी ना कधी येतोच. 'लहानपणीचा कुठलाही फोटो' एवढा बदल बाई सहज करतात, फक्त अख्ख्या वर्गासाठी करायला सांगा, तिच्या एकटीसाठी नको.