लेस-कागदाच्या व्हॅलेंटाइनवर दोन खुणा: कार्ड नेमकं कुणाचं?

कागदवेडा: एकोणिसाव्या शतकातल्या एका व्हॅलेंटाइन कार्डाच्या जाळीदार काठावर उठावात ‘मॅन्सेल’ असं नाव आहे आणि मागे छोटा लाल ‘एच’. मॅन्सेल लंडनचे, मग कार्ड इंग्लिश धरायचं का? आणि ही जाळी करत कशी?

ठसा_आणि_शाई: काठावरचं नाव कागद करणाऱ्याचं असतं, कार्ड जुळवणाऱ्याचं नव्हे. इथेच बहुतेकांची गल्लत होते. लाल ‘एच’ ही अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला व्हॅलेंटाइन कार्डं बनवणाऱ्या एस्थर हाउलंड यांची खूण. त्या इंग्लंडहून असा जाळीदार लेस-कागद मागवायच्या. त्यामुळे कागद लंडनचा, कार्ड अमेरिकेचं. ‘एन. ई. व्ही. कं.’ ही अक्षरं दिसली तर ते 1870 नंतरचं, त्यांच्या न्यू इंग्लंड व्हॅलेंटाइन कंपनीच्या काळातलं. खूण नसली म्हणून मात्र त्यांचं नाही असं ठरत नाही.

जाळी कापलेली नसे. कोरीव साच्यावर कागद दाबून नक्षी उठवायची आणि वर आलेले उंचवटे कानशीने घासून काढायचे. घासलं तिथे भोक पडतं. ही युक्ती 1834 च्या सुमारास जोसेफ ॲडेनब्रुक यांची, ते तेव्हा लंडनच्या डॉब्ज या उठावाचा कागद बनवणाऱ्यांकडे कामाला होते. कोरडा कागद उठाव घेताना तडकतो. हात जरा जास्त चालला की शेजारची भोकं एक होतात आणि नक्षीच तुटते. भिंगातून पाहा: भोकाच्या कडेला विस्कटलेले तंतू आणि भोवती उठाव शिल्लक असेल, तर जाळी घासलेली.

जुनी_छपाई: भर घालतो. हाउलंड यांची खरी करामत थरांत आहे. पांढऱ्या जाळीखाली चकचकीत रंगीत कागदाचा तुकडा लावला की नक्षी एकदम उठून दिसते. थर वर उचलून धरायला घड्या घातलेल्या कागदी पट्ट्या, म्हणजे स्प्रिंगा. कामही वाटून दिलेलं: टेबलाभोवती बसलेल्या बायकांपैकी एक चित्रं कापणार, दुसरी चिकटवणार.

आतल्या कवितेवरून काळ ठरवू नका. 1879 मध्ये कंपनीने कवितांचं वेगळं पुस्तक काढलं; आतली कविता पसंत नसेल तर त्यातली दुसरी वरून चिकटवता येई.

कागदवेडा: आभार! जाळीखाली निळा तुकडा आहे, पण थर सपाट बसलेत.

जुनी_छपाई: वर वजन राहिल्याने स्प्रिंगा दबल्या असणार. बोटाने उचलू नका, घडीवर जुना कागद मोडतो. अल्बमच्या घट्ट कप्प्यातून काढून आम्लविरहित कागदाच्या खोलगट डबीत ठेवा.