अमेरिकेतील मतपत्रिकेवर लेखापरीक्षक आणि कामगार आयुक्त कशासाठी असतात?

खानापूरकर यांचा प्रश्न :

मी बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात राहणारा निवृत्त माध्यमिक शिक्षक आहे. नागरिकशास्त्र शिकवण्यात माझी तीस वर्षे गेली. माझी मुलगी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्यात राहते आणि तिथले नागरिकत्व मिळाल्यानंतर नोव्हेंबर २०२४ मध्ये तिने पहिल्यांदा मतदान केले. भरलेल्या मतपत्रिकेचे छायाचित्र काढण्यास तिथे मनाई असल्यामुळे तिने मला नमुना मतपत्रिका पाठवली आणि ती पाहून मी खरोखर चकित झालो. राष्ट्राध्यक्ष आणि गव्हर्नर ही पदे मला अपेक्षितच होती. त्यांच्याखाली मात्र उपगव्हर्नर, अ‍ॅटर्नी जनरल, लेखापरीक्षक, कृषी आयुक्त, विमा आयुक्त, कामगार आयुक्त, सेक्रेटरी ऑफ स्टेट, शिक्षण अधीक्षक आणि कोषाध्यक्ष अशी एकामागून एक पदे होती आणि प्रत्येकासमोर काळा करायचा गोल होता. लेखापरीक्षक आणि कामगार आयुक्त यांच्या उमेदवारांपैकी एकही नाव ठाऊक नसल्यामुळे आपण ते दोन गोल रिकामेच सोडल्याचे मुलीने सांगितले.

लांब मतपत्रिका मला नवीन नाही. १९९६ च्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते, तेव्हा मी एका केंद्रावर मतदान अधिकारी होतो. सीमाप्रश्नाकडे दिल्लीचे लक्ष वेधावे म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीने शेकडो अर्ज भरायला लावले होते. आपले चिन्ह शोधता शोधता म्हाताऱ्या माणसांची दमछाक होई आणि बाहेरची रांग हलत नसे. पण ती सारी नावे एकाच जागेसाठी होती. इथे नावे थोडी आणि जागा अनेक आहेत.

ज्या पदांसाठी आपल्याकडे शासन अधिकारी नेमते, त्यांची अमेरिकेत निवडणूक का होते? कर्नाटकात ही कामे नेमकी कोण करतो? आणि अशी पदे मतदानाने भरली, तर आपल्यासारख्या सीमाभागातील लोकांना त्याचा लाभ होईल का? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

टिळकवाडी यांचे उत्तर :

सर, मी बेळगावच्या न्यायालयात वकिली करतो. आपल्या पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मला जमतील तशी देतो.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही दशकांत अमेरिकेतील बहुतेक राज्यांत कोषाध्यक्ष, लेखापरीक्षक आणि सेक्रेटरी यांची निवड विधिमंडळ करीत असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वारे फिरले. कालवे आणि रेल्वे यांच्यासाठी राज्यांनी भरमसाट कर्जे काढली होती, १८३७ च्या मंदीनंतर त्यांपैकी काही राज्ये कर्ज फेडू शकली नाहीत, आणि आमदारांनी आपल्या माणसांना पदे वाटून तिजोरी रिकामी केली असा लोकांचा समज झाला. न्यूयॉर्कने १८४६ च्या राज्यघटनेत ही पदे थेट मतदारांच्या हाती दिली. नॉर्थ कॅरोलायनाने यादवी युद्धानंतरच्या १८६८ च्या राज्यघटनेत तोच मार्ग धरला. तिजोरीची किल्ली, हिशेबाची तपासणी आणि सरकारची वकिली एकाच माणसाच्या मुठीत राहू नये, हा त्यामागचा विचार होता. त्यामुळे तिथला गव्हर्नर या नऊ जणांना नेमूही शकत नाही आणि काढूही शकत नाही. ते त्याच्या पक्षाचे असतीलच असेही नाही. २०२४ मध्ये गव्हर्नर आणि अ‍ॅटर्नी जनरल डेमोक्रॅटिक पक्षाचे, तर लेखापरीक्षक, कोषाध्यक्ष आणि कृषी आयुक्त रिपब्लिकन पक्षाचे निवडून आले.

सगळीकडे असे नाही, हेही लक्षात घ्यावे. मेन राज्यात सेक्रेटरी ऑफ स्टेट, अ‍ॅटर्नी जनरल आणि कोषाध्यक्ष यांना आजही विधिमंडळ निवडते. टेनेसीत अ‍ॅटर्नी जनरलची नेमणूक राज्याचे सर्वोच्च न्यायालय करते. उलट अ‍ॅरिझोनात खाण निरीक्षकसुद्धा मतदानाने निवडला जातो, आणि टेक्सासमध्ये रेल्वेरोड कमिशन नावाच्या तीन सदस्यांच्या मंडळाची निवडणूक होते. त्या मंडळाकडे आता रेल्वेचे काहीच काम उरलेले नाही; ते तेल आणि वायूच्या विहिरींवर देखरेख ठेवते. नुसत्या नावावरून मतदाराला काय कळणार?

आता आपल्याकडचे. सेक्रेटरी ऑफ स्टेट हे नाव ऐकून परराष्ट्रमंत्री आठवतो, पण राज्यातील त्या पदाचे मुख्य काम बहुतेक ठिकाणी निवडणुका घेणे आणि व्यवसायांची नोंदणी ठेवणे हे असते. कर्नाटकात विधानसभेची आणि लोकसभेची निवडणूक मुख्य निवडणूक अधिकारी घेतात. ते सनदी अधिकारी असून भारताच्या निवडणूक आयोगाच्या नियंत्रणाखाली काम करतात. ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंतच्या निवडणुका अनुच्छेद २४३-के आणि २४३-झेडए प्रमाणे राज्य निवडणूक आयोगाकडे आहेत. अ‍ॅटर्नी जनरलच्या जागी आपल्याकडे महाधिवक्ता असतो. अनुच्छेद १६५ प्रमाणे राज्यपाल त्याची नेमणूक करतात आणि त्यांची मर्जी असेपर्यंतच तो पदावर राहतो, म्हणून सरकार बदलले की महाधिवक्ता बदलतो. लेखापरीक्षण भारताचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक यांच्या अखत्यारीतील महालेखापालांचे कार्यालय करते. विम्याचे नियमन तर राज्याकडे नाहीच. कृषी आणि शिक्षण या खात्यांना मंत्री आहेत, त्यांच्या हाताखाली आयुक्त आहेत, आणि त्या आयुक्तांची बदली एका आदेशाने होते.

माझ्या मते खरा फरक या शेवटच्या वाक्यात आहे. २०२० च्या अध्यक्षीय निवडणुकीत जॉर्जिया राज्यात ट्रम्प ११,७७९ मतांनी मागे पडले होते. २ जानेवारी २०२१ रोजी त्यांनी त्या राज्याचे सेक्रेटरी ऑफ स्टेट ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना दूरध्वनी करून ११,७८० मते शोधण्यास सांगितले. रॅफेन्सपर्गर त्यांच्याच पक्षाचे होते, तरीही त्यांनी ऐकले नाही. ते लोकांनी निवडून दिलेले असल्यामुळे कोणालाही त्यांची बदली करता आली नसती.

चंदगड–बेळगाव यांचे उत्तर :

माझे घर चंदगड तालुक्यात आहे आणि दुकान बेळगावात, त्यामुळे दोन्ही राज्यांचे नियम रोज पाहतो. आमच्याकडे महाराष्ट्रात सरपंच २०१७ पासून थेट मतदानाने निवडला जाऊ लागला, २०२० मध्ये ती पद्धत बंद झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. कर्नाटकात ग्रामपंचायतीचा अध्यक्ष सदस्यच आपल्यातून निवडतात. बेळगाव महापालिकेतही ५८ नगरसेवक आणि तिथले आमदार-खासदार मिळून महापौर निवडतात आणि तोही एका वर्षासाठी. बेळगावचा मतदार महापौराला कधीच मत देत नाही.

पुष्कळ पदांना एकाच वेळी मत देण्याचा अनुभव मात्र आपल्या प्रत्येक शेतकऱ्याला आहे. सोसायटीची किंवा साखर कारखान्याची निवडणूक आठवून पाहा. सर्वसाधारण गट, महिला गट, मागासवर्गीय गट अशा वेगवेगळ्या मतपत्रिका हातात पडतात आणि सभासद किती नावे ओळखतो? तो पॅनेल टू पॅनेल शिक्का मारतो. आमच्या गावच्या सोसायटीत एका वर्षी असे झाले की, ज्याने स्वतःचेच कर्ज थकवले होते, तोही पॅनेलबरोबर संचालक म्हणून निवडून आला आणि पुढची दोन वर्षे वसुलीचा विषय बैठकीत येऊ शकला नाही. त्याला मत देणाऱ्यांमध्ये मीही होतो आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

अमेरिकेत काही राज्यांमध्ये पक्षासमोर एकच खूण केली की सगळ्या पदांना मत जाण्याची सोय आहे. नॉर्थ कॅरोलायनाने ती २०१३ च्या कायद्याने बंद केली, टेक्सासमध्ये २०२० पासून ती नाही. म्हणजे मतदाराने प्रत्येक गोल स्वतंत्रपणे काळा करायचा, किंवा सरांच्या मुलीप्रमाणे सोडून द्यायचा. मुलीने न ओळखता खूण करण्यापेक्षा रिकामा सोडला, हे मला प्रामाणिकपणाचे वाटते.

निपाणीचा रहिवासी यांचे उत्तर :

सरांच्या तिसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

अशी पदे संपूर्ण राज्याच्या मतदानाने भरली जातात, ही गोष्ट आपण विसरता कामा नये. कर्नाटक विधानसभेच्या २२४ जागांपैकी बेळगाव जिल्ह्यात १८ आहेत आणि मराठी मतदारांचे वजन ज्यांच्यात पडू शकते, अशा जागा त्याहून थोड्या. खानापूर किंवा बेळगाव ग्रामीण येथे उमेदवाराला आपल्या दारात यावे लागते. राज्यभराच्या महाधिवक्त्याच्या किंवा शिक्षण अधीक्षकाच्या निवडणुकीत त्याला आपल्या दारात येण्याची गरजच पडणार नाही. उलट सीमावादावर २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राचा दावा प्रलंबित असताना, कर्नाटकची बाजू मांडणारा महाधिवक्ता मते मागत फिरू लागला, तर त्याच्या भाषणांत आपले स्थान काय असेल, याचा विचार प्रत्येकाने करावा.

हे मी कल्पनेने म्हणत नाही. जॉर्जियात वीजदर ठरवणारे पाच सदस्यांचे लोकसेवा आयोग आहे. प्रत्येक सदस्य ठराविक विभागात राहणारा असावा लागतो, पण त्याला मत संपूर्ण राज्य देते. त्या राज्याच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय लोक सुमारे एक-तृतीयांश आहेत. या पद्धतीमुळे आपल्या विभागातही आपल्या पसंतीचा सदस्य निवडता येत नाही, असा दावा काही कृष्णवर्णीय मतदारांनी १९६५ च्या मतदान हक्क कायद्याखाली केला. २०२२ मध्ये जिल्हा न्यायालयाने त्यांचे म्हणणे मान्य केले, २०२३ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निर्णय फिरवला, आणि या खटल्यामुळे आयोगाच्या निवडणुका कित्येक वर्षे खोळंबल्या. तो निकाल वाचताना मला सतत आपलाच जिल्हा दिसत होता.

पण पुढची गोष्टही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन जागांसाठी मतदान झाले, तेव्हा वाढत्या वीजबिलांनी गांजलेल्या मतदारांनी दोन्ही विद्यमान सदस्यांना घरी बसवले आणि विजयी झालेल्या दोघांत एक कृष्णवर्णीय महिला होती. बिल सगळ्यांच्याच घरी येत असल्यामुळे तिथे बहुसंख्य आणि अल्पसंख्य हा भेद मागे पडला. आपल्याकडे हेस्कॉम या वीजपुरवठा कंपनीचे दर कर्नाटक वीज नियामक आयोग ठरवतो, त्याचे सदस्य नेमलेले असतात, आणि ग्राहकाला जनसुनावणीत हरकत नोंदवण्यापलीकडे काही करता येत नाही. त्यामुळे वीजदरासारख्या सर्वांच्या विषयावर निवडलेले पद मला चालेल. भाषेच्या विषयावर मला ते नको. तिथे अनुच्छेद ३५०-बी प्रमाणे राष्ट्रपतींनी नेमलेला भाषिक अल्पसंख्याक आयुक्तच हवा, कारण त्याला बहुसंख्यांची मते मागायची नसतात. तो केवळ अहवाल देतो, त्याच्या शिफारशी कोणावर बंधनकारक नाहीत, आणि म्हणून मराठी परिपत्रकांसाठी आपल्याला अजूनही मोर्चे काढावे लागतात, हे दुखणे मात्र खरे आहे. त्या पदाला अधिकार मिळावेत, ही आपली मागणी असावी.

खानापूरकर यांचा प्रतिसाद :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शेवटच्या उत्तराने माझे मत बदलले, कारण प्रश्न लिहिताना ही पद्धत आपल्या उपयोगाची ठरेल असेच मला वाटत होते. एक शंका उरते. लेखापरीक्षक किंवा कामगार आयुक्त अशा पदाचे नाव मतदाराच्या कानावर कधी येतच नसेल, तर त्याच्या निवडीला अर्थ कोणता?

टिळकवाडी यांचे उत्तर :

सर, आपल्या मुलीच्याच राज्यातील दोन गोष्टी सांगतो. तिथे लिफ्टची तपासणी कामगार खात्याकडे आहे. शेरी बेरी या २००१ ते २०२१ अशी पाच कार्यकाळ कामगार आयुक्त होत्या आणि प्रत्येक लिफ्टमधील तपासणी प्रमाणपत्रावर त्यांनी आपले छायाचित्र छापायला सुरुवात केली. रोज वरखाली करणाऱ्या लोकांना तो चेहरा पाठ झाला. नाव कानावर येण्याचा हा एक मार्ग, आणि तो मला फारसा समाधानकारक वाटत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. नॉर्थ कॅरोलायनात सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे निवडणुकांचे काम नाही. ते पाच सदस्यांच्या राज्य निवडणूक मंडळाकडे आहे आणि त्या मंडळाची नेमणूक गव्हर्नर करीत असे. २०२४ च्या निवडणुकीनंतर, डिसेंबरमध्ये, विधिमंडळाने कायदा करून हा अधिकार गव्हर्नरकडून काढून लेखापरीक्षकाकडे दिला. गव्हर्नरने नकाराधिकार वापरला, विधिमंडळाने तो फिरवला आणि प्रकरण न्यायालयात गेले. तरीही मे २०२५ मध्ये नव्या लेखापरीक्षकाने मंडळ नेमले आणि त्यात बहुमत गव्हर्नरच्या पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे गेले. त्या राज्यातील १०० काउंटींच्या (जिल्ह्यांच्या) निवडणूक मंडळांचे अध्यक्षही आता तोच नेमतो. मतदारांनी खूण केली तेव्हा ते पद हिशेब तपासण्याचे होते.

खानापूरकर यांचा प्रतिसाद :

काल रात्री मुलीला दूरध्वनी करून हे सारे वाचून दाखवले. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग तिने विचारले, "बाबा, म्हणजे मी रिकामा सोडला तोच गोल का?" लेखापरीक्षकाची पुढची निवडणूक २०२८ मध्ये आहे. तोपर्यंत त्या मंडळाच्या बैठकांची इतिवृत्ते ती वाचणार आहे आणि मलाही पाठवणार आहे. ज्यांना हवी असतील, त्यांनी इथेच कळवावे, म्हणजे मी त्यांचा मराठी सारांश इथे लिहीत जाईन.