मदत हवी आहे: नानकिंगच्या अमेरिकन प्राध्यापकांची पत्रं

शरयू_काठ: परवा आमच्या वाचनालयात माझं व्याख्यान आहे आणि मी अडकले आहे. डिसेंबर १९३७ मध्ये जपानी सैन्य शिरल्यावर जे अमेरिकन प्राध्यापक चीनमधल्या नानकिंगमध्येच (आताचं नानजिंग) थांबले, निर्वासितांसाठी झटले आणि जपानी वकिलातीत रोज तक्रारी देत राहिले, त्यांची मूळ पत्रं कुठे मिळतील? दोन दिवस शोधतेय, सगळीकडे तेच चार परिच्छेद. कृपया लवकर सांगा.

पोथीवाला: नक्की कोण? इतिहासाचे मायनर सर्ल बेट्स की समाजशास्त्राचे लुईस स्माइद? दोघंही नानकिंग विद्यापीठातले. स्माइद सुरक्षा क्षेत्राच्या, म्हणजे नागरिकांच्या आसऱ्यासाठी शहरात राखलेल्या भागाच्या, आंतरराष्ट्रीय समितीचे सचिव होते, त्यामुळे समितीच्या बऱ्याच पत्रांवर त्यांची सही आहे.

शरयू_काठ: बेट्स. लिहायचं राहून गेलं.

नंदू_काका: ताई, आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांच्यावर बोला ना. लोकांना जवळचं वाटेल.

पोथीवाला: काका, कोटणीस उत्तरेत, सैनिकांच्या इस्पितळात. इथे विषय जपान्यांच्या ताब्यात गेलेल्या शहरातल्या सामान्य माणसांचा आहे. सुरक्षा क्षेत्राच्या जेमतेम चार चौरस किलोमीटरांत दोन लाखांहून जास्त माणसं, त्यांचं धान्य, कोळसा, सगळं बघायचं होतं.

रानवारा७: मी कामासाठी दोनदा नानजिंगला गेलोय. जुनं विद्यापीठ आता नानजिंग विद्यापीठाचा भाग आहे. समितीचे अध्यक्ष जॉन राबे यांचं घरही तिथेच. पाहून याच.

शरयू_काठ: व्याख्यान परवा आहे हो!

मेधा_कु: जपानी सैन्याने तिथे मारलेल्यांचा आकडा जपून सांगा. युद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्याच्या निकालात दोन लाखांहून अधिक, नानजिंगच्या स्मारकावर तीन लाख.

नंदू_काका: आकड्यांनी काय होतं? माणसं मेली हे खरं.

मेधा_कु: होतं काका. स्माइदांनी १९३८ मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन शहरातल्या दर पन्नासाव्या घराची पाहणी केली. काय गेलं, काय उरलं याची नोंद असल्याशिवाय मदत कुणाला आणि किती द्यायची?

टाकसाळ: येल विद्यापीठाच्या डिव्हिनिटी ग्रंथालयात बेट्स यांचे कागद आहेत. नानकिंगचे बरेचसे स्कॅन करून खुले ठेवलेत. टंकलिखित इंग्रजी, वाचता येतं. ते विद्यापीठाच्या आणीबाणी समितीचे अध्यक्ष म्हणून सही करत, तसं शोधा. १९४६ मध्ये टोकियोत त्यांनी साक्षही दिली.

शरयू_काठ: सापडलं! विद्यापीठाच्या ग्रंथालयात आसरा घेतलेल्या लोकांवर काय गुजरलं, ते वकिलातीला कळवलंय. वाचून हात थरथरले. याच पत्रापासून सुरू करते. टाकसाळ, मनापासून आभार.

रानवारा७: व्हिसाची माहिती व्यनि करतो.