राखीव जंगलातून गॅसची पाइपलाइन: हरकत कुठे आणि कशावर घ्यायची?

डोंगरउतार
सह्याद्रीच्या पूर्व उतारावरच्या राखीव वनातून नैसर्गिक वायूची पाइपलाइन टाकायचा प्रस्ताव आहे. मोजणीवाले दगडांवर लाल खुणा करून गेलेत, गावात कागद मात्र एकही नाही. जनसुनावणी कधी होते? ग्रामसभेने 'वृक्षतोड नको' असा ठराव करून पाठवला तर पुरे का?

कक्ष क्रमांक
जनसुनावणीची वाट बघू नका, बहुधा ती होणारच नाही. २००६ च्या पर्यावरणीय आघात अधिसूचनेत तेल-वायूच्या वाहिन्या येतात त्या अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान, प्रवाळ किंवा संवेदनशील क्षेत्रातून जात असतील तर. नुसतं राखीव वन त्यात बसत नाही. आणि मसुदा म्हणजे अधिसूचना नव्हे, पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राच्या मसुद्यावर विसंबू नका.

तुमचा खरा आधार १९८० चा वन संवर्धन कायदा. केंद्राच्या परिवेश पोर्टलवर (वन आणि पर्यावरण मंजुऱ्यांचं संकेतस्थळ) राज्य, जिल्हा आणि 'पाइपलाइन' निवडून प्रस्ताव शोधा. मार्गाच्या नकाशाची केएमएल फाइल मिळाली तर गूगल अर्थवर उघडा आणि दगडांवरच्या खुणांशी ताडून बघा. मग कक्ष क्रमांक (वनखात्याने पाडलेल्या तुकड्यांचे नंबर), हेक्टर आणि झाडांची यादी काढा. पोर्टलवर नसेल तर उपवनसंरक्षकांकडे माहिती अधिकारात मागा: १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. अर्जात 'सर्व माहिती द्यावी' लिहू नका, उत्तर मोघम येतं. प्रस्तावाचा पहिला भाग, वनखात्याचा स्थळपाहणी अहवाल, झाडांची घेरनिहाय यादी आणि पर्यायी मार्गांची तुलना, अशी नावानिशी मागणी करा.

पर्यायी मार्ग ही कंपनीच्या प्रस्तावातली सगळ्यात कच्ची बाजू. जंगलाच्या अलीकडच्या-पलीकडच्या खाजगी जमिनीत १९६२ च्या पाइपलाइन कायद्याने वापराचा हक्क घेतात, त्या अधिसूचनेवर हरकतीला २१ दिवस असतात. दोन्हीकडची टोकं तिथेच पक्की झाली की 'जंगलाशिवाय पर्याय नाही' म्हणायला कंपनी मोकळी. त्यामुळे ज्यांचे गट नंबर त्यात आहेत, त्यांनी त्या २१ दिवसांतच मार्गाबद्दल लेखी हरकत द्यावी. नुसता मोबदला वाढवून मागू नये.

वनहक्क
ठरावाबद्दल. ५ फेब्रुवारी २०१३ च्या केंद्राच्या परिपत्रकाने रस्ते, वीजतारा, पाइपलाइन अशा रेषीय प्रकल्पांना ग्रामसभेच्या संमतीतून सूट दिली आहे. अपवाद आदिम जमातींच्या मान्य झालेल्या हक्कांना बाधा येत असेल तर. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया. 'मान्य झालेल्या' हा शब्द पक्का ध्यानात ठेवा. वनहक्काचा दावा धूळ खात पडला असेल तर तो आधी मार्गी लावा.

बाकीच्यांचा मार्गही बंद नाही. संमती लागत नसली तरी दाव्यांची पडताळणी पूर्ण होईपर्यंत वनहक्कधारकाला जमिनीवरून हलवता येत नाही, वनहक्क कायद्याचं कलम ४(५). ठरावात 'वृक्षतोड नको' एवढंच नको. प्रलंबित दाव्यांचे क्रमांक, मार्गात येणारे पाणवठे, देवराई, हिरड्याची झाडं हे सगळं कक्षनिहाय लिहा. गणपूर्ती सांभाळा: निम्मे सदस्य हजर, हजर असलेल्यांत एकतृतीयांश बायका. असे ठराव बरेचदा हजेरीपटावरच उडतात.

त्याच कायद्याच्या कलम ३(२) मध्ये वनजमीन द्यायची मुभा असलेल्या १ हेक्टरखालच्या सुविधांत पाण्याच्या वाहिन्या आहेत, गॅसच्या नाहीत. तुकडे पाडून त्यात बसवत असतील तर तिथेच अडवा.

चर आणि ढाळ
झाडं मोजून होतात, मातीकडे कुणी बघत नाही. डोंगरउतारावर पाइपचा चर म्हणजे पुरलेलं गटार. भराव सैल असतो, त्यामुळे पावसाचं पाणी पाइपच्या कडेने उतरतं, भराव धुतो आणि गाळ खालच्या ओढ्यात जातो. उपाय जुनाच आहे. चरात ठरावीक अंतरावर वाळूच्या पोत्यांचे आडवे बांध घालायचे आणि वर जमिनीवर पाणी बाजूला वळवणारे तिरपे वरंबे काढायचे. अमेरिकेतल्या केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाच्या आराखड्यात वरंब्यांचं अंतर ५ ते १५ टक्के ढाळावर ३०० फूट, ३० टक्क्यांपर्यंत २०० फूट, त्यापुढे १०० फूट असं दिलंय. चरातल्या बांधात वरची सुपीक माती घालायची नाही, ती वेगळी रचून शेवटी वर पसरायची. तुमच्या प्रस्तावात ढाळनिहाय तक्ता आहे का ते बघा. नसेल तर तीच हरकत.

या मुद्द्यात दम आहे. अमेरिकेतल्या जेफरसन राष्ट्रीय वनातून जाणाऱ्या माउंटन व्हॅली पाइपलाइनची वनपरवानगी २०२२ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने रद्द केली, आणि एक कारण गाळाच्या प्रत्यक्ष नोंदी नीट विचारात घेतल्या नव्हत्या, हे होतं. (पुढे २०२३ मध्ये तिथल्या संसदेने कायदाच करून ती पाइपलाइन मार्गी लावली, तो भाग वेगळा.) म्हणून ओढ्याच्या पाण्याचा गढूळपणा काम सुरू होण्याआधीच तारीखवार मोजून ठेवा.

दुसरं, पाइपवर पुन्हा मोठी झाडं वाढू देत नाहीत. पट्टा कायमचा उघडा राहतो, त्यात रानमोडी आणि घाणेरी शिरते आणि शेकरूची फांद्यांवरची वाट तुटते.

डोंगरउतार
कंपनी म्हणते, आडवं ड्रिलिंग करून जंगलाखालून नेऊ. मग हरकत कशाला?

चर आणि ढाळ
दोन्ही टोकांना यंत्रासाठी सपाट जागा लागते. शिवाय आत ओढायची पाइपची माळ जोडून बाहेर मांडावी लागते, शक्यतो ओलांडायच्या लांबीएवढीच. ती माळ कुठे मांडणार ते नकाशावर दाखवायला सांगा, जंगलातच असेल तर काय वाचलं? बेसॉल्टच्या भेगांतून ड्रिलिंगसाठी वापरायचा बेंटोनाइट मातीचा चिखल ओढ्यात फुटण्याचीही भीती असते. त्यासाठीची आपत्कालीन योजना लेखी मागा.

कक्ष क्रमांक
एक राहिलंच. रेषीय प्रकल्पात तत्त्वतः मंजुरी मिळून पैसे भरले की अंतिम मंजुरीआधीच झाडतोडीची परवानगी देता येते. पोर्टल दर आठवड्याला बघा. मंजुरीच्या आदेशावर अपील राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे खंडपीठाकडे: ३० दिवस, सबळ कारण असेल तर आणखी ६०. आदेशाची प्रत कोणत्या तारखेला मिळाली, ती नोंद जपून ठेवा.