नळाला दहा दिवसांनी पाणी, आणि मी सांगते 'कोरडा दिवस पाळा'

टिपाडवाली_आशा

नमस्कार मंडळी. मी मराठवाड्यात आशा म्हणून काम करते. इथले आरोग्याचे धागे वाचत असते, लिहितेय पहिल्यांदाच.

जून लागला की डेंग्यूच्या डासासाठी आमचं कंटेनर सर्वेक्षण सुरू होतं. घरोघर जायचं, टिपाडं, रांजण, हौद, कूलर टॉर्च मारून बघायचे, अळी सापडली की फॉर्मवर टिपायचं. मग घरच्यांना सांगायचं की आठवड्यातून एक दिवस सगळी भांडी रिकामी करा, घासा, कोरडी ठेवा. पत्रकावर तेच, भिंतीवर तेच, प्रभातफेरीत पोरं ओरडतात तेही तेच.

आता आमच्याकडे नळाला येतं आठ-दहा दिवसांनी पाणी. पाऊस लांबला तर टँकर. गेल्या आठवड्यात एका म्हातारीनं मला सरळ विचारलं, "अर्धं टिपाड पाणी सांडून देऊ व्हय? मग सुनेनं धुणं कशानं धुवावं, तुझ्या कागदानं?" शेजारच्या बाया हसल्या. मीही हसले, दुसरं काय करणार.

शिवाय लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की डेंग्यू गटारातून येतो. अळी दाखवली तर म्हणतात, "हे पाण्यातले किडे, दरसाल असतात. आधी ते तुंबलेलं गटार बघा." गटार तुंबलंय हे काही खोटं नाही. ॲबेट, म्हणजे अळी मारायचं औषध, टाकू म्हटलं तर पाण्याला वास येतो म्हणून टिपाडावर हात आडवा. धुराची गाडी आली की मात्र सगळी गल्ली खूश.

ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी सांगा, अशा गावात कोरड्या दिवसाऐवजी काय सांगावं? की तेच रेटत राहावं? 'जनजागृती करा' असं कृपया लिहू नका. तीच करतेय.

तिसरा_मजला

सांगून ऐकणारे लोक वेगळे. आमच्या इमारतीच्या टाकीत अळ्या निघाल्या, नोटीस आली, दंड भरला, पुढच्या आठवड्यात सगळ्या टाक्यांना झाकणं. खिशाला चटका बसला की शिक्षण आपोआप होतं.

टिपाडवाली_आशा

दादा, तुमच्या टाकीला रोज पाणी येत असेल. आणि दंडाचं म्हणाल तर ज्या घरावर दंड लावायचा, त्याच घरी मला पुढच्या आठवड्यात बाळाच्या लसीचं सांगायला जायचंय. चहा सोडा, दारात उभं करणार नाहीत.

पायविहीर

ताई, मी १९८४ साली आरोग्य सेवक म्हणून लागलो, आता निवृत्त आहे. उशिरा लिहितोय, जरा लांबेल.

तुमच्या म्हातारीचं बरोबर आहे. रोज नळ येतो तिथं कोरडा दिवस वार ठरवून पाळता येतो. तुमच्या गावात तो वाराला बांधू नका, नळाला बांधा. नळ यायच्या आदल्या दिवशी टिपाडात तळाला दोन-तीन बादल्या राहिलेल्या असतात. त्या दिवशी कोणी बाई "सांडू का" म्हणून भांडत नाही, कारण सांडायला काही उरलेलंच नसतं. तेच पाणी काढायचं, त्यातच टिपाडाच्या कडा काथ्यानं खसाखसा घासायच्या आणि ते अंगणातल्या मातीवर ओतायचं. गटारात नको. मातीत अळी मरते.

घासायचं कारण मात्र समजावून सांगा. हा डास अंडी घालतो पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या ओलसर भिंतीला. पाणी ओतून दिलं तरी अंडी तिथंच चिकटलेली राहतात.

दुसरी गोष्ट झाकणाची. उन्हाळ्याच्या शेवटी अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणजे तुमच्या दोन नळांमधलं अंतर आणि डासाचं वेळापत्रक जवळपास एकच. नुसतं घासून भागणार नाही. जुन्या सुती साडीचा दुहेरी तुकडा टिपाडाच्या तोंडावर ताणायचा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कचकून बांधायची. झोळ पडू द्यायचा नाही. कापड पाण्याला टेकलं की त्यावरच अंडी पडतात. घरात चार टिपाडं असतील तर एका वेळी एकच सोडायचं. ते संपलं की दुसऱ्याची पट्टी काढायची. बाया चारही उघडी ठेवतात आणि जे हाताशी येईल त्यातून तांब्या बुडवतात. मी कुठल्याही गावात गेलो तरी खरी गडबड मला तिथंच दिसली.

हे मी नारूवरून सांगतो. तुमच्या वयाच्या लोकांनी नारू पाहिलेला नसणार. पायातून, गुडघ्याखालून पांढरा दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा, हातभर लांब, कधी त्याहून जास्त. तो काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला की पाय सुजून माणूस महिनाभर खाटेवर, आणि तेही नेमकं पेरणी-खुरपणीच्या दिवसांत. माझी नेमणूक झाली तेव्हा देशात वर्षाला ४० हजारांच्या आसपास रुग्ण होते, आपलं राज्य त्यात होतंच. औषध नव्हतं, लस नव्हती. आजही नाही.

तो यायचा बारवेतून. बारवेच्या पाण्यात सायक्लॉप्स नावाचा डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव असतो, त्याच्या पोटात नारूची अळी. ते पाणी प्यायलं की सुमारे वर्षभरानं पायाला फोड. फोडाची आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवतो, हंडा भरायला पायऱ्या उतरून पाण्यात उभा राहतो आणि नारू तिथंच हजारो अळ्या सोडतो. पुन्हा तेच पाणी हंड्यात.

आमच्या हातातल्या पत्रकात काय होतं? पाणी उकळून प्या. ज्या बाईला जळणासाठी रानं पालथी घालावी लागतात तिला हे सांगायचं! ऐकून घ्यायच्या बिचाऱ्या. पुढं बोलणं बदललं: हंड्याच्या तोंडाला दुहेरी कापड लावा, गाळून भरा. नंतर बारीक छिद्रांच्या नायलॉन जाळ्याही आल्या, त्या लवकर वाळायच्या. पाणी तेच, हंडा तोच, वाट तीच, वाढलं फक्त एक कापड. आणि ते का लावायचं हे मी तोंडानं कमी सांगायचो. काचेच्या पेल्यात बारवेचं पाणी घ्यायचं, उन्हाकडं धरायचं आणि गप्प राहायचं. पांढरे ठिपके उड्या मारताना दिसायचे. मग तेच पाणी पदरातून गाळून दुसऱ्या पेल्यात. पोरं आधी ओरडायची, मग आया पुढं यायच्या.

सगळं श्रेय शिकवण्याला देऊ नका, मला ते भाषण आवडत नाही. बारवांच्या पायऱ्या बुजवून वरून शेंदायची सोय केली, हातपंप बसले, पाण्यात टेमेफॉस टाकलं. टेमेफॉस म्हणजे तुमचं ॲबेटच बरं का. तेव्हाही वासाची तक्रार होती, तेव्हाही टाकणारा माणूस ओळखीचा असेल तरच टाकू द्यायचे. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात, जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं प्रमाणपत्र दिलं. आपल्याकडं त्याची कोणाला आठवणही नाही. जो रोग दिसत नाही त्याची मिरवणूक कोण काढणार.

तेव्हा अळी टॉर्चनं टिपाडातच दाखवू नका. काचेच्या बरणीत घ्या, तोंडाला मच्छरदाणीचं कापड बांधा आणि त्याच घरात, फडताळावर, दोन-तीन दिवस ठेवा. अळीचे कोष (डास व्हायच्या आधीची अवस्था) झालेले असतील तर घरातल्यांच्या डोळ्यांदेखत डास निघतील, पायांवर पांढरे पट्टे असलेले. गटाराचा वाद तिथंच मिटतो. नंतर बरणी झाकणासकट उन्हात ठेवून सगळं मारायचं, हे विसरू नका.

ओपीडी_नंतर

पायविहीर काकांना दंडवत. बरणीची युक्ती उचलतोय. मी डॉक्टर आहे, थोडी भर घालतो.

या डासाची अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात, पाणी लागलं की फुटतात. म्हणून कोरड्यापेक्षा घासण्यावर जोर द्या. पावसाळ्यात कूलर गच्चीवर टाकताना तो घासून ठेवला नाही तर पुढच्या उन्हाळ्यात पहिलं पाणी पडताच अळ्या तयार. जनावरांच्या हौदाचं मात्र घासण्यावर सोडू नका, त्यात गप्पी मासे सोडा. धुरानं फक्त त्या वेळी उडणारे डास मरतात, टिपाडातली अळी तशीच राहते. गाडी गेल्यावर दोन दिवसांनी पुन्हा टॉर्च मारून दाखवा.

सर्वेक्षणात प्रत्येक अळीला सारखं महत्त्व देऊ नका. रोज रिकामा होणारा पिण्याचा हंडा जवळपास कधीच दोषी नसतो. कोष कुठल्या भांड्यात आहेत ते बघा, कारण उडणारे डास त्यातूनच येतात. बहुतेक वेळा ती वापराच्या पाण्याची मोठी, कोपऱ्यातली भांडी निघतात. तेवढीच चार-पाच प्रकारची भांडी धरली तर बायांचाही जीव भांड्यात पडेल.

आणि एक वाक्य प्रत्येक तापाच्या घरात सांगा: ताप उतरला म्हणजे सुटलो असं नाही. डेंग्यूत धोका बरेचदा तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरतानाच येतो. पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, गळून जाणं, यातलं काहीही दिसलं तर थेट दवाखाना. तापाला पॅरासिटामॉल. अंगदुखीसाठी ब्रुफेन, ॲस्पिरिन किंवा कमरेत टोचतात ती दुखण्याची सुई नको, रक्तस्राव वाढू शकतो. पेशी-पेशी (प्लेटलेट) करत लोक शहराकडं धावतात आणि रुग्णाला पाणी पाजायचं राहून जातं.

टिपाडवाली_आशा

काका, डॉक्टर, दोघांचे आभार. पण काका, एक सांगा. नळ यायच्या आदल्या दिवशी घासायचं, हे पटलं. आमच्याकडं नळ कधी येणार हे कोणालाच माहीत नसतं! कधी आठव्या दिवशी, कधी अकराव्या, तेही रात्री दोनला. बाया झोपेतून उठून पाईप लावतात, तेव्हा कोण टिपाड घासणार? आणि संपेल या भीतीनं कोणी तळ गाठूच देत नाही.

पायविहीर

कोणालाच माहीत नसतं असं होत नाही. वॉलमनला माहीत असतं. कुठल्या गल्लीचा वॉल कधी फिरवायचा हे त्याच्याच हातात. आमच्या वेळी गावाचं पाणी कोळ्याला विचारून कळायचं, आता वॉलमनला विचारायचं. त्यानं आदल्या संध्याकाळी फक्त "उद्या वरची गल्ली" एवढं ग्रुपवर टाकलं तरी तुमचं अर्धं काम झालं. तुमच्या सभेला सरपंच आला नाही तरी चालेल, वॉलमन आला पाहिजे.

तळ गाठू देत नाहीत ते खरं. मग सगळी नको, पाळीनं एकच टिपाड घासा. खबर आली की जे सगळ्यात कमी भरलेलं असेल त्याचं पाणी दुसऱ्यात ओता, ओतताना कापडातून गाळा, आणि रिकामं झालेलं घासून पालथं ठेवा. पुढच्या नळाला दुसरं. चार टिपाडांच्या घरात पूर्ण फेरा व्हायला महिना लागेल, तोवर बाकीच्यांना कापड. आणि फॉर्मवर 'कोरडा दिवस पाळला का' हा रकाना असेलच, तिथं काय लिहायचं ते तुमच्या आरोग्य सहाय्यकाशी आधी बोलून घ्या, नाहीतर महिनाअखेरीस तुमच्याच गावाचा आकडा वाईट दिसायचा.

टिपाडवाली_आशा

वॉलमन माझ्या जावेचा भाऊ निघाला, हसावं की रडावं! बोलले त्याच्याशी. म्हणाला, ग्रुपवर टाकतो, पण लाईट गेली अन् मोटर बंद पडली तर बाया मला शिव्या घालतील, ते तू बघ. बघते म्हटलं. सायकलच्या ट्यूब पंक्चरवाल्याकडं सांगून ठेवल्यात. पहिली बरणी त्या म्हातारीच्या घरी ठेवणार आहे.