टॉर्क रेंच: एकच मोठा घ्यावा की दोन?

उजळाईवाडी_हँगर: ठरावीक पिळाने (टॉर्कने) बोल्ट आवळायची ५० ते २५० न्यूटन मीटरची कामं आहेत. पाऊण इंची (सॉकेट बसतो त्या चौकोनाचं माप), ७०० पर्यंतचा एकच क्लिक रेंच, म्हणजे लावलेला टॉर्क आला की 'टक्' करणारा, घेतला तर भागेल का?

शिरोली_टूलरूम: नको भावा. अशा रेंचची अचूकता कमाल मापाच्या २० टक्क्यांपासून वर धरायची, म्हणजे १४० च्या खाली त्यावर विसंबू नका. शिवाय लांब दांड्यामुळे हलक्या बोल्टवर 'टक्' हाताला जाणवतच नाही, आणि बोल्ट जास्त आवळला जातो. अर्धा इंची ४०–२०० चा वेगळा घ्या, वरच्या मापाला पाऊण इंची ठेवा. मॅन्युअलमध्ये फूट-पाउंड असेल तर न्यूटन मीटरसाठी १.३५६ ने गुणा. इंच-पाउंड दिसलं तर आधी १२ ने भागा. इथं घाईत हमखास चूक होते.

गोकुळशिरगाव_फिटर: अडचणीच्या जागी क्रोफूट (रेंचच्या टोकाला जोडायचा उघड्या तोंडाचा पाना) रेंचच्या सरळ रेषेत लावलात तर सेटिंग बदलतं. रेंच ४५० मिमी, क्रोफूट ५० मिमी, हवे १०० न्यूटन मीटर: १०० × ४५० ÷ ५०० = ९० वर लावा. काटकोनात लावला तर बदल नको. हात मुठीच्या मधोमध, ओढ संथ. 'टक्' झालं की थांबा, दुसऱ्यांदा ओढू नका.

मॅन्युअल कोरडे आटे म्हणत असेल तर तेलाचा थेंबही नको. घर्षण घटतं, आकडा तोच दिसतो पण बोल्टवर ताण जास्त बसतो. कॅसल नटची (पिन घालायला खाचा असलेल्या नटची) खाच बोल्टच्या भोकाशी जुळत नसेल तर ढिला करून जुळवू नका. किमान टॉर्कपासून वर जात, कमालच्या आत जुळवा. तरीही नाही जुळलं तर वॉशर बदला.

शिरोली_टूलरूम: काम झालं की सेटिंग किमान मापावर आणून ठेवा, त्याखाली नाही. कॅलिब्रेशन (माप बरोबर दाखवतो का याची तपासणी) १२ महिने किंवा ५००० वेळा, जे आधी येईल ते. हातातून पडला तर लगेच.