छोट्या शिडाच्या होडीत नांगर पुढे ठेवायचा की मागे?

शिडवाला:
सहा मीटरच्या आसपासच्या होडीत नांगर कायम पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेवर ठेवणं मला अजिबात पटत नाही. सहा किलोचा नांगर, दहा मीटर ६ मिमीची साखळी म्हणजे अजून आठ किलो, वर भिजलेला दोर, एवढं वजन नाळेवर घेतलं की होडी प्रत्येक लाटेत नाक खुपसते आणि वाऱ्याच्या विरुद्ध चढताना वेग पार मरतो. जिबची (पुढच्या शिडाची) शीट, म्हणजे शीड ओढायचा दोर, नांगराच्या फाळात अडकते ते वेगळंच. कॉकपिटच्या, म्हणजे मागे बसायच्या जागेच्या, लॉकरमध्ये ठेवा ना, लागेल तेव्हा काढा, रोज कुठे लागतो?

खारावारा:
"लागेल तेव्हा काढा" म्हणे! अहो लागतो कधी? इंजिन बंद पडलंय, वारा किनाऱ्याकडे ढकलतोय, खाली खडक दिसायला लागलेत, तेव्हा. त्या वेळी लॉकरमधून फेंडर, पंप, ओली जॅकेटं उपसत बसणार का? नांगर नाळेवरच्या रोलरवरच हवा, पिन काढली की पाण्यात. वेगाचं एवढंच असेल तर शर्यतीच्या दिवशी आत ठेवा.

शिडवाला:
तळाशी कोण ठेवतंय, सगळ्यात वर ठेवतो. आणि एकट्याने होडी चालवताना त्याच खराब हवेत डोलणाऱ्या फोरडेकवर (पुढच्या डेकवर) रांगत जाणं सेफ वाटतं तुम्हाला? मी दोर आधीच पुढच्या क्लीटला (दोर बांधायच्या खुंटाला) बांधतो, पुलपिट (पुढचा कठडा), स्टँचन (कठड्याचे खांब), शीट सगळ्याच्या बाहेरून मागे कॉकपिटात आणतो. नांगर मागून सोडला तरी ओढ पुढूनच बसते आणि होडी वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते. मागच्या क्लीटला मात्र बांधू नका, लाटा थेट ट्रान्समवरून, म्हणजे होडीच्या मागच्या सपाट भिंतीवरून, आत येतात.

गाठमार:
जागेवरून भांडा खुशाल, पण ऐन वेळी तुमचा दोर सुटतो का ते आधी बघा राव. तीन पेडांचा नायलॉन गोल गुंडाळून ठेवला की प्रत्येक वेटोळ्यात एक पीळ भरतो आणि सोडताना त्याच्या अशा गाठी पडतात की बोटं अडकायची भीती. गुंडाळूच नका. तळाला भोकं असलेली बादली घ्या, दोराचं टोक एका भोकातून बाहेर काढून ठेवा, बाकीचा वरून नुसता कोंबत जा, मग साखळी, सगळ्यात वर नांगर. जसा भरला त्याच्या उलट क्रमाने बाहेर येतो, पाणीही निथळतं. बाहेरचं टोक होडीला बांधायचं, पण शॅकलने (पिनेच्या लोखंडी कडीने) नाही, दोरीनेच, म्हणजे नांगर सोडून पळायची वेळ आली तर सुरीने कापता येतं.

खारावारा:
बादलीचं ठीक, पण होडी कलली की वरची साखळी घसरून दोरात घुसते त्याचं काय?

गाठमार:
म्हणून बादली बांधून ठेवायची आणि वरून एक इलॅस्टिक. नांगर आणि साखळी जोडणाऱ्या शॅकलच्या पिनेला तारही मारा, नाहीतर हळूहळू फिरून निघते.

नवखलाशी:
माझ्याकडे पिवळा पॉलिप्रॉपिलीनचा दोर आहे, वजनाला हलका, वीस मीटर, चालेल ना? आपण तर चार मीटर पाण्यातच थांबतो.

शिडवाला:
नको. तो तरंगतो, कोणाच्या तरी प्रॉपेलरमध्ये जाईल, उन्हाने लवकर कुजतो आणि नायलॉनसारखा ताणतही नाही. आणि लांबी फक्त पाण्याची खोली धरून काढू नका, नाळेपासून तळापर्यंतच्या उंचीच्या सातपट धरा: चार मीटर पाणी, त्यात नाळेची एक मीटर उंची, गुणिले सात, झाले पस्तीस. भरतीने पाणी दोन मीटर चढलं तर एकोणपन्नास. साखळी धरून पन्नास मीटर तरी हवा.

खारावारा:
बघा, आता पन्नास मीटरचा पसारा लॉकरात मावतोय का तेही सांगा! पुढे वेगळी अँकर वेल, म्हणजे नांगर ठेवायचा खड्डा, असेल तर प्रश्नच मिटतो.

शिडवाला:
मावतो. आणि सहा मीटरच्या किती होड्यांना तशी वेल असते? बहुतेकांना पुढे एक क्लीट आणि हँडरेल, बस.